पलंग रोज कोण उचलतं?

भाच्यासाठी घर बघायला आम्ही ठाण्याच्या पुढे गेलो होतो. घर म्हणजे स्टुडिओ अपार्टमेंट, चटई क्षेत्र २८० चौरस फूट. सॅम्पल फ्लॅटमध्ये भिंतीला एक पांढरं कपाट होतं. दाखवायला आलेल्या मुलाने त्याची मूठ ओढली आणि आतून दुहेरी पलंग अलगद खाली आला. भाचा खूश झाला. माझी ताई, म्हणजे त्याची आई, थोडा वेळ पलंगाकडे बघत राहिली आणि मग तिने विचारलं, “अंथरूण-पांघरूण कुठे ठेवायचं?” मुलगा म्हणाला, गादीला पट्टे आहेत, ती आतच राहते. “गादीचं नाही विचारत मी. उशा, चादरी, गोधडी. आणि हे रोज सकाळी वर कोण ढकलणार? हा तर साडेसातलाच बाहेर पडतो.”

त्या मुलाजवळ उत्तर नव्हतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. हा प्रश्न त्याला कोणी शिकवलेलाच नव्हता. छोट्या घराच्या सजावटीबद्दल जे काही लिहिलं, दाखवलं आणि विकलं जातं, त्यातून नेमका हाच प्रश्न गळलेला असतो. घर मोठं कसं दिसेल याची उत्तरं पुष्कळ मिळतात. पण दिसेल कुणाला? पाहुण्याला, फोटो बघणाऱ्याला, दारातून पहिल्यांदा आत येणाऱ्याला. घरात दिवसाचे वीस तास काढणाऱ्या माणसाला ते कसं वाटेल, हे कोणी विचारत नाही. एका खोलीच्या घरात सजावट म्हणजे जागेची, कामाची आणि एकांताची वाटणी असते असं माझं म्हणणं आहे. आणि ती वाटणी घरात सर्वांत जास्त वेळ असणाऱ्या माणसापासून सुरू व्हायला हवी.

‘स्टुडिओ’ हा शब्द नवा, घर जुनंच. काही वर्षांपूर्वी यालाच वन आर.के. म्हणत, आणि त्याआधी नुसती खोली. माझ्या लहानपणी गिरणगावात “तुमची खोली कुठे?” असंच विचारत, ‘घर’ म्हणजे गावचं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर चाळी बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ चं झालं, आता ३०० चं. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ५०० चौरस फूट ठरले आणि वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाव्या मिळाल्या. म्हणजे सरकार एका कुटुंबाला जेवढी जागा लागते असं मानतं, त्याहून लहान जागा बाजारात नव्या नावाने विकली जाते. विकू दे. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या पोराला तेवढंच परवडतं, आणि भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जाण्याची त्याची ओढ खरी आहे. त्या ओढीला मी नावं ठेवणार नाही. पण नाव बदललं म्हणून खोलीत राहण्याचं जुनं शहाणपणही टाकून द्यायचं कारण नाही.

‘चटई क्षेत्र’ हा कायद्याच्या कागदावरचा शब्द मला आवडतो, कारण तो घर खालून मोजतो, जमिनीवर अंथरून मोजतो. साधी चटई ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे १८ चौरस फूट. २८० मधून संडास-न्हाणीचे चाळीसेक फूट काढा, ओटा आणि ओट्यापुढे उभं राहण्याची जागा काढा, कपाटं काढा. उरतात नऊ-दहा चटया. पाच बाय साडेसहाचा पलंग त्यातल्या जवळजवळ दोन चटया एकटा खातो. तीन माणसांचा सोफा, त्यापुढचं टेबल आणि दोघांच्या पायांची जागा धरली की आणखी तीन गेल्या. इतका हिशेब केला तरी पुढचं बरंचसं आपोआप कळतं. सजावटीचं पहिलं साधन रिकामी जमीन आहे, आणि ती विकत मिळत नसल्यामुळे तिची जाहिरातही होत नाही.

आमची खोली लालबागला, दहा बाय बाराची. पाच माणसं. शिरल्यावर उजव्या हाताला मोरी, तिच्या अर्ध्या भिंतीवर पितळेची घागर आणि कळशी. समोरच्या भिंतीला मांडणी, तिच्यावर ताटं उभी, वाट्या पालथ्या, डबे उतरत्या क्रमाने. वर पोटमाळा, त्यावर पत्र्याच्या दोन ट्रंका, गणपतीचं मखर, पावसाळ्याचं सरपण होतं तेव्हा सरपण, नंतर रॉकेलचा डबा. दाराच्या मागे खुंट्या. खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कपड्यांची दांडी. लोखंडी कॉट चारी पायांखाली तीन-तीन विटा देऊन उंच केलेली, कारण रात्री तिच्याखालीही एक अंथरूण पडायचं. सकाळी सगळ्या वळकट्या कॉटवर रचल्या जायच्या, वर सोलापुरी चादर पडायची आणि ती बैठक व्हायची. मधली जमीन मोकळी. तिथेच दुपारी पंगत, तिथेच आमचा अभ्यास, तिथेच हळदीकुंकू, तिथेच एकदा आजोबांना ठेवलं होतं.

त्या खोलीला सजावट नव्हती असं कुणी म्हटलं तर मला ते मान्य नाही. आईने दर शनिवारी चिंचेने घासलेली ती पितळेची भांडी संध्याकाळच्या दिव्यात अशी दिसायची की आजही मला पिवळा उजेड म्हटला की तीच आठवतात. जे वापरायचं तेच मांडायचं, आणि जे मांडलंय ते स्वच्छ ठेवायचं. त्या मांडणीला डोळ्यांची समज होती. डबे उंचीप्रमाणे लावण्यात काही सोय नसते. ते केवळ बघायला बरं वाटतं म्हणून लावलेले असतात.

पण मी तिथली गोडी गाऊन थांबलो तर तो खोटेपणा होईल. ती खोली चालत होती याची दोन कारणं होती आणि दोन्ही आजच्या स्टुडिओत नाहीत. पहिलं कारण म्हणजे खोलीबाहेरची गॅलरी, जिना, गच्ची. वडील गॅलरीत झोपायचे, मोठा भाऊ गच्चीवर अभ्यास करायचा, बायका तांदूळ गॅलरीत निवडायच्या, लोणच्याच्या बरण्यांना ऊन गच्चीवर मिळायचं. १२० चौरस फुटांच्या खोलीला बाहेरची अशी बरीच जागा चिकटलेली होती. नव्या इमारतीत दार बंद होतं आणि बाहेर असतो तो आगीच्या नियमाने मोकळा ठेवायचा रस्ता. तिथे चपलांचा स्टँड ठेवला तरी सोसायटीची नोटीस येते. नियम बरोबर आहे. पण मग चाळीने बाहेर ढकललेलं सगळं ओझं आता त्या २८० फुटांना आतच पेलावं लागतं.

दुसरं कारण वडिलांची गिरणीतली पाळी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडील दिवसभर घरात राहू लागले. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आमची खोली घड्याळावर उभी होती. वडील रात्रपाळीला असले की रात्री एक अंथरूण कमी, दिवसपाळीला असले की दुपार आईची. आता ते सकाळपासून कॉटवर बसलेले, त्यांना भेटायला लोक येणारे, बोलणी चाललेली. आईने त्याच महिन्यात शिवणयंत्र आणलं, कारण पगार बंद झाला होता. यंत्र ठेवायला जागा एकच होती, मोरीच्या कडेला, जिथे उजेड सर्वांत कमी. ती तिथे पाठीत वाकून ब्लाऊज शिवायची. खिडकीखाली कॉट होती आणि कॉटवर आम्ही पुरुष होतो. खिडकीखालची जागा यंत्राला द्यावी असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. चार वर्षांत तिला चष्मा लागला. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होतो, कळत्या वयाचा होतो. याची टोचणी मला अजून आहे आणि हा लेख लिहिण्याचं तेही एक कारण आहे.

२०२० च्या टाळेबंदीत पुष्कळ घरांना हाच अनुभव आला. नवरा पलंगावर लॅपटॉप घेऊन, मूल फोनवर शाळेत, सासरे बातम्यांपुढे आणि घरातली बाई ओट्याशी, भिंतीकडे तोंड करून. घर तेच होतं, माणसंही तीच होती. सगळ्यांचे तास मात्र एकमेकांवर येऊन पडले. त्यामुळे छोट्या घराचा आराखडा कागदावर काढण्याआधी त्या घराचा दिवस कागदावर काढायला हवा. सकाळी सहाला कोण कुठे असतं, दुपारी दोनला कोण, रात्री दहाला कोण. माझ्या पाहण्यात असं करून काम सुरू करणारे सजावटकार फार थोडे आहेत.

जगातल्या नावाजलेल्या छोट्या घरांकडे मी याच नजरेने बघायला लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. ल कॉर्ब्युझिए या थोर वास्तुरचनाकाराने १९५२ च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी झोपडी बांधली. ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर, म्हणजे बारा बाय बारा फूट, आमच्या खोलीच्या जवळपास. तिच्यातली पलंग, टेबल, फडताळ यांची मांडणी शिकण्यासारखी आहे आणि जगभरचे विद्यार्थी ती शिकतात. पण त्या झोपडीत स्वयंपाकघर नाही. शेजारीच खाणावळ होती, जेवण तिथे. टोकियोत १९७२ मध्ये किशो कुरोकावा यांनी नाकागिन कॅप्सूल टॉवर उभारला. १४० डबे, प्रत्येक साधारण १० चौरस मीटरचा, आत पलंग, मेज, कपाट, न्हाणी, गोल खिडकी. स्वयंपाकघर तिथेही नाही, कारण ती जागा शहरात कामाला येणाऱ्या एकट्या नोकरदारासाठी कल्पिलेली. डबे दर पंचवीस वर्षांनी बदलायचे होते, ते कधी बदलले गेले नाहीत. २०२२ मध्ये इमारत पाडली. तिसरं उदाहरण हाँगकाँगच्या गॅरी चँग यांचं. त्यांचं घर ३४४ चौरस फुटांचं. रुळांवर सरकणाऱ्या भिंती करून त्यांनी त्यातून चोवीस वेगवेगळ्या रचना साधल्या, आणि ते घर सगळीकडे दाखवलं गेलं. त्यांचं बालपणही त्याच घरात गेलं होतं, आईवडील आणि तीन बहिणींसह. भिंती सरकू लागल्या तेव्हा मात्र घरात राहणारे ते एकटेच होते.

मी या तिघांच्या कामाला कमी लेखत नाही. चँग यांच्या कल्पकतेपुढे तर मी नम्र आहे. मला इतकंच दाखवायचं आहे की छोट्या घराचे जे नमुने आपल्यापुढे आदर्श म्हणून येतात, ते एकट्या पुरुषाचे आहेत, किंवा ज्याचं जेवण दुसरीकडे शिजतं अशाचे. त्या नमुन्यावरून वसई-विरारच्या किंवा हिंजवडीच्या घरात आपण पलंग घडीचा करतो, टेबल घडीचं करतो, सोफ्याचा पलंग करतो. घड्या घालायला आणि उकलायला मात्र माणूस लागतो.

हे मी मोजून बघितलं आहे, एका स्नेह्यांच्या घरी. सकाळी उशा-चादरी काढून सोफ्याच्या पेटीत, पलंग वर, पलंगाच्या पाठीवरची फळी खाली की झालं नाश्त्याचं टेबल. नाश्ता झाला की फळी पुसून वर, कारण कपाटाचं दार तिच्यामागे. दुपारी मुलगी शाळेतून आली की पुन्हा फळी. रात्री सोफा पुढे ओढून सासूबाईंसाठी उघडायचा, पण त्याआधी पेटीतून अंथरूण काढायचं, कारण सोफा उघडला की पेटी उघडत नाही. दिवसाला अकरा हालचाली. त्यातल्या नऊ वहिनी करत होत्या. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा पलंग दिवसभर खालीच होता आणि त्यावर वाळलेले कपडे होते. घडीच्या सामानावर खर्च केलेले पैसे वाया गेले होते आणि नऊ चटयांतल्या दोन कायमच्या गेल्या होत्या. वहिनींना आळशी म्हणण्याआधी पलंग वर करून बघावा.

वळकटीलाही कष्ट होतेच, हे खरं. पण वळकटी पोरंसुद्धा उचलत, ज्याची त्याने करायची अशी आमच्याकडे सक्ती होती. भिंतीतला पलंग मूल उचलू शकत नाही, म्हातारं माणूस उचलू शकत नाही, गुडघेदुखीचं माणूस उचलू शकत नाही. म्हणून माझा आग्रह असा की छोट्या घरात दिवसाला दोनच बदल असावेत, एक सकाळी, एक रात्री. आणि ते घरातल्या कुणालाही एका हाताने करता यावेत. यापेक्षा जास्त बदल मागणारं सामान कितीही चतुर असो, ते घेऊ नये.

स्त्रीच्या कामाच्या बाजूने घर मोजण्याचा एक मोठा प्रयत्न झाला होता, त्याची आठवण इथे हवीच. फ्रँकफुर्ट शहरातल्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ मध्ये एक स्वयंपाकघर आखलं. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातलं स्वयंपाकघर त्यांनी नजरेपुढे ठेवलं, कुठल्या कामाला किती पावलं पडतात ते धरून वस्तूंच्या जागा ठरवल्या. बसून काम करायला फिरतं स्टूल, खिडकीपुढे चिरायची फळी, पीठ-तांदळाचे दांडीचे खण. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं त्या शहरात बसली. आजचं मॉड्युलर किचन हे त्याचंच वंशज आहे. कष्ट वाचले, पण एक अडचण पुढे आली: त्या चिंचोळ्या जागेत एकच बाई मावत होती, त्यामुळे काम वाटून घ्यायला दुसरं कोणी आत येऊच शकत नव्हतं. आपल्या एका खोलीच्या घरात हा दोष मुळातच नाही. ओटा त्याच खोलीत असतो. फक्त तो असा बसवलेला असतो की उभं राहणाऱ्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ सगळ्या घराकडे. नळाची आणि सांडपाण्याची जागा ठरलेली असते म्हणून पूर्ण ओटा फिरवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ओट्याच्या टोकाला काटकोनात दीड-दोन फुटांची चाकांवरची मांडणी जोडता येते. भाजी चिरणं, पोळ्या लाटणं, डबे भरणं खोलीकडे तोंड करून होतं, आणि समोर दुसरं माणूस उभं राहून मदतही करू शकतं. याला फार तर चार-सहा हजार रुपये लागतात. छताच्या नक्षीवर त्याच्या दसपट जातात.

छताचा विषय निघालाच आहे तर बोलतो. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर सांगितली आहे, म्हणजे नऊ फुटांच्या आसपास. बहुतेक नव्या घरांत फार तर त्याच्याहून थोडी जास्त असते. त्याला प्लास्टर ऑफ पॅरिसचं खोटं छत लावलं की सहा-आठ इंच गेले. पंखा खाली आला, वारा कोंडला, वर जमलेली गरम हवा आणखी जवळ आली. मे महिन्यात डोंबिवलीच्या वरच्या मजल्यावर ज्याने रात्र काढली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. त्याच संहितेप्रमाणे दमट-उष्ण हवेच्या प्रदेशात खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र जमिनीच्या किमान एक-षष्ठांश हवं. बांधणारा ते कागदावर पाळतो आणि आपण खिडकीच्या अर्ध्या भागापुढे कपाट उभं करून, उरलेल्यावर जाड दुहेरी पडदे सोडून ते रद्द करतो. मग आरसा लावून उजेड वाढवतो.

खोली पांढरी रंगवावी, म्हणजे मोठी वाटते, हा सल्ला अर्धा खरा आहे. फिकट रंगाने उजेड पसरतो. पण ज्या खोलीत फोडणी होते तिथे पूर्ण पांढरी भिंत दोन पावसाळे टिकत नाही, आणि ती पुसत बसण्याचं काम पुन्हा त्याच माणसाच्या वाट्याला येतं. ओट्याच्या बाजूला फरशी छताखालपर्यंत न्यावी, बाकी भिंतींना हळदीकडे झुकणारा किंवा फिकट मातकट रंग द्यावा, छत तेवढं पांढरं. आपल्या समुद्राकाठच्या हवेत प्लायवूडचं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. दोन बोटं अंतर ठेवावं, नाहीतर पहिल्याच श्रावणात पाठीमागे बुरशी धरते आणि कपड्यांना वास लागतो. मोरीच्या आणि ओट्याखालच्या कामाला आय.एस. ७१० चा शिक्का असलेलं मरिन प्लाय मागावं. महाग पडतं, पण तिथे काटकसर करू नये.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. सुंदर दिसावं म्हणून गॅसचा सिलिंडर ओट्याखाली बंद दाराआड कोंडला जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली बसतो, जमिनीलगत पसरतो. एका खोलीच्या घरात त्याच जमिनीवर माणसं झोपलेली असतात. त्या कपाटाच्या दाराला अगदी तळाशी जाळी किंवा झडपा असल्याच पाहिजेत आणि रात्री रेग्युलेटर बंद झालाच पाहिजे. सॅम्पल फ्लॅटमध्ये सिलिंडर नसतो, तसा कचऱ्याचा डबा, कपड्यांची दांडी आणि देव्हाराही नसतो, म्हणून त्याची सजावट इतकी निश्चिंत दिसते.

आता एकांताविषयी. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ हा १९७० चा चित्रपट आणि त्यावरून बासू चॅटर्जींनी १९७२ मध्ये केलेला ‘पिया का घर’, दोन्हींचा विषय हाच होता: गजबजलेल्या घरात नव्या जोडप्याला एकमेकांशी बोलायला जागा नाही. पन्नास वर्षं झाली, प्रश्न तिथेच आहे. पडद्याने तो थोडा सुटतो. दोन माणसांना आडोसा हवा असतो तसा एकेका माणसालाही हवा असतो, आणि त्याचा विचार तर फारच कमी होतो.

मुंबईच्या धोबीतलावाजवळ गोव्याच्या लोकांचे क्लब आहेत, ज्यांना ते कूड म्हणतात. एकेका गावाची एकेक कूड. जहाजावर नोकरीला जाणारे, तिथून परतणारे दर्यावर्दी तिथे उतरत आले. मोठी खोली, एका बाजूला आल्तार, संध्याकाळी सगळ्यांचा मिळून रोझरी, आणि प्रत्येकाची भिंतीशी एक पेटी. पलंग कुणाचाच कायमचा नाही, पण पेटीला कुलूप आणि कुलपाची किल्ली ज्याच्या-त्याच्या गळ्यात किंवा खिशात. आपल्या कोकणातल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोल्याही अशाच चालत. ट्रंक आणि वळकटी एवढीच माणसाची जहागीर. मला या व्यवस्थेत एक खोल समज दिसते. वीस माणसांत राहायचं तर सामाईक असं एक सुंदर ठिकाण हवं, आणि प्रत्येकाचं असं एक बंद ठिकाण हवं, मग ते दीड फुटाचं का असेना.

आमच्या घरात आईला असं बंद ठिकाण कोणतं होतं? कपाटाची किल्ली वडिलांकडे, डबे सगळ्यांचे, देव सगळ्यांचे. शिवणयंत्राचा डावीकडचा छोटा खण तेवढा तिचा होता. ती गेल्यावर तो उघडला तर बॉबिन, खडू, एक जुनं पोस्टकार्ड आणि शंभराच्या तीन नोटा निघाल्या. ३५ वर्षं ती त्या खोलीत राहिली आणि तिच्या वाट्याला एवढा खण आला. कुलूपही नव्हतं त्याला.

कुणी म्हणेल, सगळं हिशेबाचंच बोलता, सुंदर दिसण्याचं काय? सुंदर हवंच. थकून घरी आलेल्या माणसाला डोळ्यांना निवेल असं काहीतरी हवं. माझं मत असं की छोट्या घरात अशी जागा एकच असावी आणि ती पूर्ण सजवावी. कुणाचा देव्हारा, कुणाची पुस्तकांची फळी, कुणाची खिडकीतली तुळस आणि मनीप्लांट. बाकी भिंती मोकळ्या सोडाव्यात. दिव्यांवर थोडा खर्च करावा. एकच पांढरी ट्यूब सगळ्या खोलीला लावली की अभ्यास करणारा, झोपणारा आणि स्वयंपाक करणारा तिघांनाही ती चुकीची पडते; ओट्यावर एक, वाचायच्या जागी एक, उशाशी एक असे तीन छोटे दिवे लावले की एकाच खोलीत तीन वेगळ्या वेळा नांदू शकतात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना भिंतीला खिळा मारण्याचीही चोरी असते. त्यांनी पैसे दिव्यांत, पडद्यांत आणि सोबत नेता येईल अशा उघड्या मांडणीत घालावेत, भिंतीत घालू नयेत.

भाच्याने ते घर घेतलं. बिल्डरच्या यादीतला घडीचा पलंग घेतला नाही. सुताराला बोलावण्याआधी आम्ही रविवारी सकाळी रिकाम्या घरात चटया नेल्या, त्या अंथरून पाहिल्या आणि तिघंही बराच वेळ नुसते बसलो. भाच्याला बसायला तिथेच बरं वाटत होतं जिथे दारातून सरळ टीव्ही दिसेल. मला पंख्याखाली. ताई मात्र उठून एकदा ओट्याशी गेली, एकदा दाराशी, आणि शेवटी खिडकीच्या डाव्या अंगाला जाऊन बसली. दिवसभर घरात तीच असणार आहे. तिथून तिला खालचा रस्ता दिसत होता, गॅस दिसत होता आणि दार वाजलं तर उठायला चार पावलं होती.

तुम्ही घराचं काम काढणार असाल तर एवढं करा. कॅटलॉग उघडण्याआधी घरात सर्वांत जास्त वेळ असणाऱ्या माणसाला रिकाम्या खोलीत बसायला सांगा आणि ते कुठे बसतं ते बघा. आमच्या सुताराने खडूची पहिली रेघ खिडकीच्या डाव्या अंगाला मारली, तीन फूट बाय साडेतीन फूट. तिथे आता बसायची एक रुंद बैठक आहे, वाचायचा दिवा आहे, आणि बैठकीखाली कुलपाचा एक खण आहे. त्याची किल्ली ताईकडे असते. बाकीची सगळी मापं त्या रेघेपासून घेतली.